चंद्रोदयाच्या रकान्यातली ती रेघ

प्रश्न असा आहे. महिन्याचा चंद्रोदय-चंद्रास्ताचा तक्ता पाहताना २१ तारखेसमोर चंद्रोदयाच्या रकान्यात वेळच नाही, नुसती रेघ आहे. ही छापण्यातली चूक का? आणि त्या दिवशी चंद्र उगवलाच नसेल, तर २१च्या सकाळी नऊला पश्चिमेकडे दिसलेला अर्धा चंद्र आला कुठून? शिवाय चंद्र रोज ५० मिनिटं उशिरा उगवतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष मोजलं तर फरक कधी ४२ मिनिटं भरतो, कधी ५८. मग हे ५० कुणाचे?

तक्ता बरोबर आहे. तो वाचताना चूक होते, आणि ती बहुतेकांची होते. गेली पंचवीसेक वर्षं मी लोकांना आकाश दाखवतो, असे तक्ते करतो आणि तपासतो, आणि मीसुद्धा यात एकदा सपशेल फसलो आहे. ते पुढे सांगतो. आधी तक्त्याचा तुकडा समोर ठेवू. आकडे नमुन्याचे आहेत, पण खऱ्या तक्त्यात हे असंच दिसतं. वेळा २४ तासांच्या घड्याळाच्या.

१९ तारीख: उदय २२:२८, अस्त ०९:२०
२० तारीख: उदय २३:१९, अस्त १०:०६
२१ तारीख: उदय (रेघ), अस्त १०:५४
२२ तारीख: उदय ००:११, अस्त ११:४३
२३ तारीख: उदय ०१:०२, अस्त १२:३३

आपण आडवी ओळ वाचतो. सूर्याच्या बाबतीत ते चालतं: सकाळी उगवला, संध्याकाळी मावळला, तारीख तीच. चंद्राच्या तक्त्यात १९च्या ओळीतला सकाळी ९:२० चा अस्त हा त्याच ओळीतल्या रात्री १०:२८ ला उगवलेल्या चंद्राचा नाही. तो १८ तारखेला रात्री उगवलेला चंद्र मावळतोय. १९ला रात्री उगवलेला मावळणार २०ला सकाळी १०:०६ ला, म्हणजे खालच्या ओळीत. तेव्हा बोट उदयावर ठेवायचं आणि त्यानंतरचा पहिला अस्त शोधायचा, मग तो कुठल्याही ओळीत असो.

२० तारखेला २३:१९ ला उगवलेला चंद्र २१ला सकाळी १०:५४ पर्यंत आकाशात होता. सकाळी नऊला पश्चिमेकडे दिसला तो हाच. आणि त्याच्या पुढचा उदय? २३:१९ च्या पुढे ५२ मिनिटांनी, म्हणजे ००:११ ला. पण मधे रात्रीचे बारा वाजून गेले आणि तारीख बदलली. २१ तारखेच्या २४ तासांत चंद्र क्षितिजावर आलाच नाही. तो आला २२ लागल्यावर ११ मिनिटांनी. म्हणून रेघ.

असं दर चांद्रमासात एकदा होतंच. अमावस्येपासून अमावस्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात आणि तेवढ्यात चंद्र २८.५३ वेळा उगवतो, सूर्यापेक्षा बरोबर एकदा कमी. तो एक कमी पडलेला उदय कुठल्या तरी तारखेच्या वाट्याला येणारच. कृष्ण अष्टमीच्या आसपास चंद्र मध्यरात्री उगवतो, त्यामुळे उदयाची रेघ तिथे सापडते. अस्ताचीही अशीच एक रेघ असते, ती शुक्ल अष्टमीच्या आसपास, कारण तेव्हा चंद्र मध्यरात्री मावळतो. या दोन अष्टम्यांच्या मधल्या अर्ध्या महिन्यात, म्हणजे पौर्णिमेच्या दोन्ही बाजूंना, तक्त्याच्या प्रत्येक ओळीत अस्ताची वेळ उदयाच्या आधीची असते. ‘आधी मावळतो आणि मग उगवतो, हे कसं?’ असं विचारणारे बरेच भेटतात. उलटं काही होत नसतं. एका ओळीत दोन वेगवेगळ्या फेऱ्यांचे तुकडे आलेले असतात, एवढंच.

आता माझी फजिती. कृष्ण अष्टमीचा चंद्र उगवताना दाखवायला मी काही मंडळींना बोलावलं होतं. निरोपात लिहिलं, ‘२२ तारखेला रात्री १२ वाजून ११ मिनिटांनी चंद्रोदय.’ आकडा अचूक होता. मी २१च्या रात्री साडेअकरापासून दुर्बीण लावून बसलो, कुणीच आलं नाही. चंद्र वेळेवर उगवला आणि मी एकट्यानं पाहिला. मंडळी आली दुसऱ्या रात्री, जेवणंबिवणं आटोपून. त्यांच्या लेखी ‘२२ची रात्र’ म्हणजे २२ला दिवस मावळल्यानंतरची, आणि बोलीत तेच बरोबर आहे. त्या रात्री चंद्र उगवला एक वाजून दोन मिनिटांनी. पाऊण तास वाट पाहून निम्मे लोक परत गेले. तेव्हापासून मध्यरात्रीनंतरची वेळ लिहायची असेल तर मी ‘२१ आणि २२च्या मधली रात्र’ असं लिहितो. वाक्य लांब होतं, पण माणसं बरोबर रात्री येतात.

आता ५० मिनिटं. एखाद्या रात्री चंद्राच्या अगदी शेजारी ठळक तारा असेल तर एक गोष्ट करून पाहा. दोघांमधलं अंतर मनात टिपून ठेवा आणि तासाभरानं पुन्हा बघा. चंद्र ताऱ्याच्या तुलनेत पूर्वेकडे स्वतःच्या रुंदीएवढा, म्हणजे अर्धा अंश, सरकलेला असतो. दोघंही पश्चिमेकडे ढळतात ते पृथ्वी फिरते म्हणून. त्या ढळण्यात चंद्र जरासा मागे पडतो ती त्याची स्वतःची चाल. दिवसाला ती सरासरी १३.२ अंश भरते, आणि ताऱ्यांमधून एक पूर्ण फेरी २७.३२ दिवसांत होते.

पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. चंद्र १३.२ अंश पुढे गेला तर त्याला गाठायला पृथ्वीला तेवढं जास्त फिरावं लागणार. पण आपलं घड्याळ ताऱ्यांवर चालत नाही, सूर्यावर चालतं, आणि सूर्यही रोज सुमारे १ अंश पूर्वेकडे सरकतो. तो वजा केला की उरतात १२.२ अंश, म्हणजे साधारण ४९ मिनिटं. त्या ४९ मिनिटांत चंद्र पुन्हा थोडा पुढे गेलेला असतो. त्याचं दीड मिनिट धरलं की साडेपन्नास. चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा म्हणतात तो असा. भरती-ओहोटीचं चक्र रोज तेवढंच पुढे ढकललं जातं, त्याचं मूळही हेच.

म्हणजे ५० हा आकडा खरा आहे, पण महिन्याची सरासरी म्हणून. एखाद्या विशिष्ट रात्रीबद्दल तो काही हमी देत नाही. त्या चढ-उताराकडे येतोच. त्याआधी तक्त्याशिवाय काम भागवायची माझी रीत सांगतो.

सूर्य आणि चंद्र यांच्यात १२ अंशांचं अंतर वाढलं की एक तिथी संपते. १२ अंश म्हणजे ४८ मिनिटं. तेव्हा शुक्ल पक्षात जितक्या तिथी पूर्ण झाल्या तितके अठ्ठेचाळीस घ्या, सूर्यास्तानंतर तेवढ्या मिनिटांनी चंद्र मावळतो. कृष्ण पक्षात पौर्णिमेनंतर पूर्ण झालेल्या तिथी मोजा, सूर्यास्तानंतर तेवढ्या अठ्ठेचाळिसांनी उगवतो. यात ‘पूर्ण झालेल्या’ हा शब्द महत्त्वाचा. कृष्ण चतुर्थी चालू आहे म्हणजे तीन तिथी संपल्यात आणि चौथी संपायची आहे. तेव्हा उत्तर ३ गुणिले ४८ आणि ४ गुणिले ४८ यांच्या मधलं, म्हणजे सूर्यास्तानंतर २ तास २४ मिनिटं ते ३ तास १२ मिनिटं. शुक्ल द्वितीयेच्या कोरीला याच हिशेबानं ४८ ते ९६ मिनिटं मिळतात. त्यातला सुरुवातीचा वेळ संधिप्रकाशात जातो आणि शेवटचा क्षितिजावरच्या धुळीत, त्यामुळे कोर खरी दिसते ती मधल्या थोड्या वेळात.

ही रीत ढोबळ आहे. उष्ण कटिबंधात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चला; अक्षांश वाढेल तशी चूकही वाढते. आणि तिथी म्हणजे दिवस नव्हे. तिची लांबी सुमारे २० तासांपासून जवळपास २७ तासांपर्यंत बदलते, त्यामुळे तारखा मोजून तिथी काढायला गेलात तर एखाद्या तिथीची चूक पदरात पडेल.

याच हिशेबानं सबंध महिना डोळ्यांपुढे आणता येतो. अमावस्येला चंद्र सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो, आणि त्याची उजळ बाजू आपल्याकडे पाठ करून असते. दिसत काहीच नाही. शुक्ल अष्टमीला तो साधारण दुपारी उगवतो, दिवस मावळताना डोक्याच्या आसपास असतो आणि मध्यरात्री मावळतो. पौर्णिमेला सूर्यास्ताला उदय, सूर्योदयाला अस्त. कृष्ण अष्टमीला मध्यरात्री उदय, पहाटे डोक्यावर, दुपारी अस्त. कला आणि उदयाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. चंद्र सूर्यापासून किती अंशांवर आहे, यावरच त्याचा किती भाग उजळ दिसणार आणि तो किती वाजता उगवणार, ही दोन्ही उत्तरं ठरतात. म्हणून एखाद्या चित्रात संध्याकाळी पूर्वेला उगवणारी चंद्रकोर दिसली की मला हसू येतं. संध्याकाळची कोर पश्चिमेलाच, मावळतीच्या वाटेवर. पूर्वेला कोर पाहायची तर पहाटे उठायला हवं.

कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात हा समज अजून बराच पसरलेला आहे. सावली पडते ती चंद्रग्रहणात, आणि चंद्रग्रहण फक्त पौर्णिमेला. कोर दिसते तेव्हा चंद्र आकाशात सूर्याच्याच बाजूला असतो. पृथ्वीची सावली पडते नेमकी विरुद्ध बाजूला. तिथपर्यंत ती पोचायचीच नाही.

पौर्णिमेचा चंद्रोदय हा माझा आवडता विषय, आणि फोटो काढणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. पौर्णिमा हा दिवस नसून एक क्षण आहे: सूर्य आणि चंद्र यांच्यात बरोबर १८० अंश होतात तो. पृथ्वीवर सगळीकडे तो एकदमच येतो. घड्याळं मात्र आपापली वेळ दाखवतात. तुमच्याकडे सूर्यास्त होताना तो क्षण होऊन गेला असेल तर चंद्र सूर्यास्तानंतर उगवणार, यायचा असेल तर आधी. किती आधी किंवा नंतर? चंद्र तासाला सूर्यापासून अर्धा अंश सरकतो, अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटं. झालं. तासाला दोन मिनिटं.

समजा पौर्णिमेचा क्षण दुपारी बाराला आणि सूर्यास्त संध्याकाळी सहाला. सहा तास होऊन गेले, म्हणजे चंद्र सूर्यास्तानंतर साधारण १२ मिनिटांनी उगवणार. तोच क्षण दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला असेल तर आज बारा तास बाकी आहेत. चंद्र सूर्यास्ताच्या सुमारे २४ मिनिटं आधीच वर येईल, फिकट, उजेडात जेमतेम जाणवणारा. पण इमारती, झाडं, डोंगर यांच्यावर ऊन असताना चंद्रही हवा असेल तर हीच संध्याकाळ बरी. दुसऱ्या दिवशी चंद्र उगवेपर्यंत जमीन काळी पडलेली असते आणि चंद्राचा नुसता पांढरा ठिपका येतो. फोटोवाल्यांना मी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी बोलावतो. ते आधी वाद घालतात, मग फोटो पाहून गप्प होतात. चंद्र ‘पूर्ण’ नसल्याची तक्रार तर कुणीच करत नाही, कारण पूर्णतेला १२ अंश कमी असतानाही चंद्राचा जवळपास ९९ टक्के भाग उजळलेला असतो.

टक्क्यांचं हे गणित जरा बघण्यासारखं आहे. उजळ भाग रोज सारखा वाढत नाही. अमावस्येनंतर पहिली तिथी संपते तेव्हा जेमतेम १ टक्का, दुसरी संपते तेव्हा ४ टक्के. अष्टमीच्या आसपास मात्र एका तिथीत १० टक्के वाढतात. मग चाल पुन्हा मंदावते: त्रयोदशी संपताना ९६, चतुर्दशी संपताना ९९. म्हणून दोन-तीन रात्री चंद्र पूर्णच वाटतो आणि कोर मात्र एका रात्रीत ओळखू न येण्याइतकी बदलते. उजेडाचं प्रमाण तर आणखीच वेगळं. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा उजेड देत नाही, दहाव्या-बाराव्या हिश्शाएवढाच देतो. अष्टमीला चंद्रावर ऊन तिरपं पडतं आणि तिथल्या खाचखळग्यांच्या लांब सावल्या आपल्याला दिसतात. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागे असतो, त्यामुळे प्रत्येक दगडाची सावली त्या दगडाच्याच मागे लपते आणि सगळा चंद्र एकदम झळाळून उठतो. दुर्बिणीतून पाहायला पौर्णिमेचा चंद्र त्यामुळेच सपाट आणि कंटाळवाणा. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं बघा, नजर हलत नाही.

आता तुमचे ४२ आणि ५८. त्यामागे दोन कारणं आहेत आणि ती एकमेकांत मिसळलेली असतात.

पहिलं सोपं. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर असलं तरी तो कधी ३,५७,००० च्या जवळ येतो, तर कधी ४,०६,००० च्या पलीकडे जातो. जवळ असताना तो वेगानं पळतो, दिवसाला १५ अंशांपर्यंत. दूर असताना १२ अंशांच्या आत-बाहेर. जास्त सरकला तर उशीर जास्त. एवढ्यानंच रोजचा फरक ४५ ते ५८ मिनिटांच्या दरम्यान हलतो.

दुसरं कारण जास्त मजेदार आहे. चंद्राची आकाशातली वाट क्षितिजाला किती कोनात छेदते, यावर उशीर अवलंबून असतो. वाट क्षितिजाला उभी असेल तर १२-१३ अंश पूर्वेकडे सरकलेला चंद्र थेट तेवढाच क्षितिजाखाली जातो, आणि पृथ्वीला तो सगळा भाग फिरून काढावा लागतो. वाट क्षितिजाला टेकल्यासारखी तिरपी असेल तर तेवढंच सरकूनही चंद्र क्षितिजाच्या फार खाली जात नाही, नुसता कडेनं सरकतो. मग तो लवकर वर येतो. उत्तर गोलार्धात चंद्र मीन राशीच्या भागातून जाताना पूर्व क्षितिजावर ही वाट सगळ्यात तिरपी असते. विषुववृत्ताजवळ फरक थोडा. ४० अंश उत्तर अक्षांशावर मात्र लागोपाठच्या दोन उदयांत अर्धाच तास उरतो आणि ६० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं. ध्रुववृत्तापलीकडे काही वेळा चंद्र आदल्या दिवसापेक्षा लवकरसुद्धा उगवतो. पहिल्यांदा असा तक्ता पाहिला तेव्हा मी गणित तीनदा तपासलं होतं.

चंद्र मीन राशीतून तर दर महिन्याला जातो. मग याचा बोलबाला सप्टेंबरच्या शेवटीच का? कारण तेव्हा सूर्य कन्या राशीत असतो आणि समोरच्या मीन राशीतला चंद्र पौर्णिमेचा असतो. इतर महिन्यांत हेच चार-पाच ‘लवकरचे’ उदय भरदुपारी किंवा पहाटे होऊन जातात आणि कुणाचं लक्ष जात नाही. मार्चमध्ये याच्या बरोबर उलट: पौर्णिमेनंतरचे उदय झपाट्यानं पुढे पळतात, ४० अंशांवर रोज सत्तर मिनिटांपर्यंत.

उदय लवकर होत असतील त्या दिवसांत अस्ताचा रकानाही जरूर पाहा. तो भरपाई करत असतो: उदयातला फरक आकसतो तेव्हा अस्तातला वाढतो, आणि चंद्र दिवसेंदिवस जास्त वेळ आकाशात राहतो. वर दिलेल्या तुकड्यात उलट चाललंय. उदय ५१-५२ मिनिटांनी पुढे जातोय, अस्त ४६-५० नी. २० तारखेच्या उदयापासून अस्तापर्यंत ११ तास ३५ मिनिटं, २२च्या उदयापासून ११ तास ३२. म्हणजे ठिकाण उत्तर गोलार्धातलं असेल तर चंद्र त्या आठवड्यात दक्षिणेकडे निघालाय. तक्त्यावर ठिकाणाचं नाव नसलं तरी एवढं सांगता येतं.

याच तिरपेपणामुळे कोरीचा आकार बदलतो. उष्ण कटिबंधाच्या उत्तर भागात मार्चच्या सुमारास संध्याकाळची कोर होडीसारखी आडवी पडलेली दिसते, कारण चंद्र सूर्याच्या जवळपास सरळ वर असतो. सप्टेंबरमध्ये तो सूर्याच्या बाजूला असतो. कोर उभी दिसते आणि लवकर मावळते. दक्षिण गोलार्धात महिने उलटे. म्हणून ‘उजवी बाजू उजळ म्हणजे शुक्ल पक्ष’ हा नियम मी कुणाला शिकवत नाही. जागा बदलली की तो कोलमडतो. कोरीचा फुगवटा सूर्याकडे असतो, हे मात्र जगात कुठेही खरं. फुगवट्याच्या आत, चंद्राच्या अंधाऱ्या भागावर राखाडी उजेड दिसतो तो पृथ्वीवरून परावर्तित होऊन गेलेला. लिओनार्दो दा विंचीनं पाचशे वर्षांपूर्वी याचं कारण आपल्या वहीत बरोबर लिहून ठेवलं होतं.

क्षितिजावरची जागाही वेळेइतकीच हलती असते. उगवण्याच्या जागेचं उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि परत असं जे फिरणं सूर्य वर्षभरात करतो, ते चंद्र २७ दिवसांत उरकतो. गेल्या आठवड्यात ज्या झाडामागून उगवला त्याच झाडामागे आज शोधू नका. त्यातून चंद्राची कक्षा सूर्याच्या वाटेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे आणि तो कल १८.६ वर्षांत गोल फिरतो. त्यामुळे काही वर्षं चंद्र सूर्यापेक्षा ५ अंश जास्त उत्तरेला आणि दक्षिणेला जातो, साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत, आणि त्यानंतर नवेक वर्षांनी साडेअठरा अंशांच्या आसपासच थांबतो. २००६ आणि २०२४-२५ ही मोठ्या पल्ल्याची वर्षं होती. त्या काळात पूर्व क्षितिजाचे फोटो कुणी काढून ठेवले असतील तर जपून ठेवावेत. २०३४च्या सुमारास तिथूनच पुन्हा काढले की फरक डोळ्यांना दिसेल.

तक्त्यातली वेळ आणि तुमच्या डोळ्यांना दिसणारी वेळ यांत फरक पडतो, त्याचं बहुतेक वेळा एकच साधं कारण असतं: टेकडी. तक्ता समुद्रासारखं सपाट क्षितिज धरून केलेला असतो. समोर ५ अंश उंचीची टेकडी असेल तर विषुववृत्ताजवळही वीस मिनिटं जास्त जातात. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते; अर्धी मूठ झाकली जात असेल तर वीस मिनिटं धरा.

उदयाची व्याख्या म्हणजे चंद्राची वरची कड क्षितिजावर दिसण्याचा क्षण. सूर्यालाही हीच लागू आहे, पण एक बारीक भेद आहे. हवेतून येताना प्रकाश वाकतो आणि क्षितिजाजवळच्या वस्तू अर्ध्या अंशाहून जरा जास्त उचलल्यासारख्या दिसतात. सूर्य त्यामुळे हिशेबाच्या आधीच दिसू लागतो. चंद्र आपल्या इतका जवळ आहे की पृथ्वीच्या मध्यातून तो कुठे दिसेल आणि पृष्ठभागावरून कुठे दिसतो यात क्षितिजाजवळ जवळजवळ १ अंशाचा फरक पडतो, तोही खालच्या बाजूला. हवा उचलते त्याहून हा पराशय जास्त खाली ओढतो. स्वतः प्रोग्रॅम लिहून तक्ता करणारे बहुतेक जण सूर्याचं सूत्र चंद्रालाही लावतात आणि प्रत्येक उदय चार-पाच मिनिटं आधीचा काढतात. तुमचा आकडा छापील आकड्याहून नेमका तेवढ्यानंच अलीकडे येत असेल तर दुसरीकडे कुठे शोधू नका.

दुसऱ्या गावचा तक्ता वापरायचा झाला तर तेच ‘तासाला दोन मिनिटं’ कामाला येतं. अक्षांश जवळपास सारखा आहे आणि तुम्ही १५ रेखांश पश्चिमेला आहात असं समजा. तुमच्याकडे चंद्र तासभर उशिरा पोचतो, आणि त्या तासात तो आणखी दोन मिनिटांएवढा मागे पडलेला असतो. घड्याळ तेच असेल तर ६२ मिनिटं मिळवा. तुमच्या घड्याळाचा विभागही तासानं मागे असेल तर नुसती दोन. अक्षांश वेगळा असेल तर मात्र ही तडजोड नको, तुमच्या जागेचा तक्ताच काढा.

आणि जुने तक्ते रद्दीत घालू नका. १९ वर्षांत २३५ चांद्रमास जवळपास पुरे बसतात, फरक उरतो दोनेक तासांचा. ग्रीक खगोलज्ञ मेटन याच्या नावानं हे चक्र ओळखलं जातं. इसवी सनापूर्वी ४३२ मध्ये त्यानं ते मांडलं. तुमच्या तक्त्यात या २१ तारखेला अर्धा चंद्र आहे, तर १९ वर्षांपूर्वीच्या याच महिन्याच्या तक्त्यातही अर्धा चंद्र २१लाच किंवा एखादा दिवस अलीकडे-पलीकडे सापडेल. मिनिटं जुळणार नाहीत. चंद्रोदयाच्या रकान्यातली रेघ मात्र बहुधा तिथेच, आसपास असेल.